अकरा महिन्यांचे घर

मुंबईत राहायला जागा मिळत नाही, हे आपण तीन पिढ्या ऐकत आलो आहोत. त्याच मुंबईत २०११च्या जनगणनेच्या वेळी सुमारे ४.८ लाख घरे रिकामी होती. केंद्र सरकारच्या २०१७-१८च्या आर्थिक पाहणी अहवालाने या आकड्याकडे लक्ष वेधले, आणि सोबत आणखी एक आकडा दिला : १९६१मध्ये भारतातल्या शहरांत भाड्याच्या घरांचे प्रमाण ५४ टक्के होते, ते २०११मध्ये २८ टक्क्यांवर आले. शहरे वाढत गेली, नोकरी-शिक्षणासाठी गाव सोडणारे वाढत गेले आणि भाड्याने घर देणाऱ्यांचा हात मात्र आखडत गेला. रिकाम्या घरांची कारणे अनेक आहेत. काही घरे केवळ भाव वाढण्याची वाट पाहत पडून असतात, काही वारसांच्या वादात अडकलेली असतात, काही अशा ठिकाणी असतात की तिथून स्टेशन गाठायलाच तास लागतो. पण साध्या मध्यमवर्गीय मालकाला घर बंद का ठेवले असे विचारले, तर बहुतेक वेळा एकच उत्तर येते : भाडेकरू एकदा शिरला की निघत नाही.

या उत्तरात एकेकाळी पुष्कळ तथ्य होते. आज त्यातले थोडेच उरले आहे. तरीही घर भाड्याने देण्याचा आपला सगळा व्यवहार अजून त्याच भीतीभोवती उभा आहे आणि त्याचा भुर्दंड राहणाऱ्याला पडतो तसा मालकालाही पडतो. माझे म्हणणे असे की, गेल्या पंचवीस वर्षांत कायद्याने महाराष्ट्रातल्या घरमालकाला त्याने गमावलेले जवळपास सगळे परत दिले. मात्र घर सांभाळण्याची, ते राहण्याजोगे ठेवण्याची जबाबदारी या फेरबदलात कागदावरून निसटली. ती आता मालकानेच आपण होऊन करारात परत लिहायला हवी, आणि त्यात त्याचा तोटा नाही.

भीती आली कुठून, ते आधी पाहिले पाहिजे, कारण ती कोणी उगाच पसरवलेली नाही. मुंबईत भाडेनियंत्रण पहिल्यांदा आले ते १९१८मध्ये, युद्धकाळातली तात्पुरती तजवीज म्हणून. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा झाला आणि १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते त्यालाच त्याने बांधून टाकले. हाही कायदा मुदतीचा होता. मुदत संपत आली की ती वाढवली जाई, आणि असे अर्धशतक चालले. या कायद्याने लाखो कामगार कुटुंबांना शहरात टिकवून धरले, हे विसरता कामा नये. तो नसता तर गिरगाव, परळ, लालबाग इथला श्रमिक मराठी माणूस कितीतरी आधी शहराबाहेर फेकला गेला असता. पण भाडे गोठले तशी डागडुजीही गोठली. ज्या खोलीचे महिन्याचे भाडे एका पाव लिटर दुधाइतके उरले, तिच्या जिन्याची तुळई बदलायला पैसा कुठून यायचा? अखेर सरकारला १९६९मध्ये कायदा करून जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी मंडळ उभारावे लागले आणि उपकर बसवावा लागला. त्या उपकरप्राप्त इमारतींपैकी अतिधोकादायक कोणत्या, याची यादी म्हाडा आजही पावसाळ्याआधी जाहीर करते. दरम्यान उघड भाडे मिळेना म्हणून पागडी आली आणि व्यवहाराचा मोठा भाग पावतीबाहेर गेला. डिसेंबर १९९७मध्ये मलपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की, भाडे गोठवणारी ही तरतूद काळाच्या ओघात अवाजवी आणि मनमानी ठरली आहे. कायद्याची मुदत काही महिन्यांत संपणार होती म्हणूनच न्यायालयाने ती रद्दबातल केली नाही.

मालकाच्या मनात खरा धसका बसला तो मात्र १९७३मध्ये. भाडेनियंत्रणातून वाट काढण्यासाठी लोक लिव्ह अँड लायसन्सकडे वळले होते. १८८२च्या ईझमेंट कायद्यानुसार अशा परवान्याने राहणाऱ्याला जागेत हक्क मिळत नाही. मालकाच्या संमतीने, ठरलेल्या मुदतीपुरती वापरण्याची मुभा तेवढी मिळते. या भरवशावर अनेकांनी आपली जागा दिली. मग भाडेकायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी ज्यांचा परवाना चालू होता त्यांना भाडेकरू मानले गेले. बदलीच्या गावी गेलेला कारकून, मुलाच्या लग्नापर्यंत खोली दिलेली विधवा, अशा कित्येकांची जागा एका तारखेने हातची गेली. सरकारचा हेतू बेघर होणाऱ्यांना वाचवण्याचा होता, हे खरे. पण विश्वासाने केलेला करार मागाहून बदलता येतो हा धडा त्यातून मिळाला आणि तो घरोघरी पुढच्या पिढीला सांगितला गेला. आज पुण्यात किंवा ठाण्यात दुसऱ्या फ्लॅटला कुलूप लावणाऱ्या चाळिशीतल्या माणसाने १९७३ पाहिलेले नसते, पण वडिलांकडून त्याची हकिकत ऐकलेली असते.

ही हकिकत २००० साली संपायला हवी होती. महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० रोजी अमलात आला. जुन्या भाडेकरूंचे संरक्षण त्याने कायम ठेवले आणि त्यांच्या भाड्यात वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा मालकाला दिली. पण नव्याने घर देणाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते त्यातले २४वे कलम. राहण्यासाठी परवान्याने दिलेली जागा मुदत संपताच सोडायची. सोडली नाही तर मालकाने सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा, त्यासाठी वर्षानुवर्षांचा नेहमीचा दावा लावण्याची गरज नाही. जितके दिवस जागा अडवली तितक्या दिवसांचे शुल्क दुप्पट दराने द्यावे लागते. लेखी करारात जे नमूद आहे ते निर्णायक पुरावा धरले जाते आणि राहणाऱ्याला प्रतिवाद करायचा तर त्याला आधी प्रतिज्ञापत्र देऊन परवानगी मिळवावी लागते. याच कायद्याच्या ५५व्या कलमाने करार लेखी आणि नोंदणीकृत असण्याची सक्ती केली आणि ती जबाबदारी मालकावर टाकली. नोंदणी केली नाही तर अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, आणि मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकते. आता तर आधार क्रमांक आणि अंगठ्याचा ठसा घेऊन ही नोंदणी घरबसल्या होते. थोडक्यात, १९४७ आणि १९७३ने मालकाकडून जे काढून घेतले होते, ते नव्या कराराने घर देणाऱ्याला या कायद्याने परत दिले.

तरी करार अकरा महिन्यांचाच. ही मुदत कुठून आली? १९०८च्या नोंदणी कायद्याने एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची केली होती. खर्च आणि सरकारी कचेरीचे हेलपाटे वाचवायला लोकांनी एक महिना कमी केला. महाराष्ट्रात ५५व्या कलमानंतर अकरा महिन्यांच्या कराराचीही नोंदणी करावीच लागते, त्यामुळे ते कारण संपले. पण तोवर दुसरी समजूत घट्ट झाली होती : अकरा महिन्यांत हक्क लागत नाही, बारा झाले की लागतो. एजंट तेच सांगतात, सोसायटीचे सेक्रेटरी तेच सांगतात. वस्तुतः घर परत मिळण्याची हमी येते ती करार परवान्याचा आहे, लेखी आहे आणि नोंदलेला आहे यातून. तो अकरा महिन्यांचा आहे की छत्तीस, याने त्या हमीत काडीचाही फरक पडत नाही. राज्याच्या मुद्रांक कायद्यात साठ महिन्यांपर्यंतच्या परवान्याला ०.२५ टक्के हा एकच दर आहे. म्हणजे राज्यानेच पाच वर्षांपर्यंतचा करार गृहीत धरला आहे. आपण तो करत नाही.

याची किंमत मोजून पाहू. समजा, एका फ्लॅटचे शुल्क महिना २५,००० रुपये आणि डिपॉझिट ७५,००० आहे. अकरा महिन्यांचे तीन करार केले, तर तेहतीस महिन्यांसाठी मुद्रांक शुल्क साधारण २,१०० रुपये आणि शहरी भागातली नोंदणी फी दर वेळी १,००० प्रमाणे ३,००० रुपये होते. छत्तीस महिन्यांचा एकच करार केला तर मुद्रांकाचे साधारण २,३०० आणि नोंदणीचे १,००० रुपये. हा फरक लहान आहे. मोठा फरक पुढे आहे. अकरा महिने भरत आले की मालक दहा टक्के वाढ मागतो, राहणारा पाच टक्क्यांवर अडतो, आणि बोलणे फिसकटते. नव्या माणसाकडून मालकाला महिना १,२५० रुपये जास्त मिळतील, अकरा महिन्यांचे झाले १३,७५०. त्यासाठी घर एक महिना जरी रिकामे राहिले तरी २६,२५० रुपये गेले, वर एजंटची दलाली आणि रंगाचा हात वेगळा. चांगला राहणारा गमावून मालकाला नफा होतो, हा हिशेब बहुतेक वेळा चुकीचा असतो. राहणाऱ्याचे नुकसान तर आकड्यांत मावणारे नाही. मुलाची शाळा, गॅसची जोडणी, आधारवरचा पत्ता, कामावरच्या माणसांशी जुळलेली वेळ, शेजाऱ्यांशी जडलेली ओळख हे सगळे दर वर्षी टांगणीला लागते.

आखूड मुदतीचा एक परिणाम मालकांच्या लक्षातच येत नाही आणि मला तो सगळ्यात गंभीर वाटतो. ज्याला सहा महिन्यांनी कराराचे नूतनीकरण मागायचे आहे, तो तक्रार करत नाही. न्हाणीघराच्या भिंतीला ओल येते, स्वयंपाकघरातल्या सिंकखालचा पाइप झिरपतो, विजेच्या बोर्डाला हात लावला की झिणझिण्या येतात. हे सांगितले तर ‘कटकट करणारा भाडेकरू’ असा शिक्का बसेल आणि घर जाईल, म्हणून तो गप्प राहतो. शेवटी खालच्या मजल्यावरच्या छताचे पोपडे गळू लागतात तेव्हा मालकाला कळते. पहिल्या पावसाळ्यात काही हजारांत भागले असते ते वॉटरप्रूफिंग आता फरशी उखडून करावे लागते. आपल्या मालमत्तेवर नजर ठेवणारा जो एकमेव माणूस तिथे रात्रंदिवस असतो, त्याचेच तोंड मालक स्वतःच्या कराराने बंद करून टाकतो.

दुरुस्तीचा प्रश्न आला की कायद्यातली पोकळी दिसते. १९९९च्या कायद्याचे १४वे कलम म्हणते की, वेगळे काही ठरलेले नसेल तर जागा राहण्यायोग्य स्थितीत ठेवणे मालकावर बंधनकारक आहे. मालकाने टाळाटाळ केली तर किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेकरूने स्वतः दुरुस्ती करावी आणि वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतचा खर्च भाड्यातून वळता करावा. पण हे कलम भाडेकरूसाठी आहे. परवान्याने राहणाऱ्याच्या हाती उरतो तो करार, आणि त्यात जे लिहिले असेल तेवढेच. ते करार एजंटच्या संगणकात तयार पडलेले असतात. त्यात राहणाऱ्याने काय करू नये याच्या दोन डझन अटी असतात; मालकाने काय करायचे याबद्दल बहुधा घर ताब्यात देणे एवढेच असते. भाडेकरूचा परवानाधारक झाला तेव्हा मालकाला ताब्याची हमी मिळाली आणि राहणाऱ्याचा दुरुस्तीचा हक्क गेला. या अदलाबदलीकडे कोणी नीट पाहिलेच नाही.

ही पोकळी कशी भरायची याचा नमुना तयार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी आदर्श भाडेकरू कायदा मंजूर करून राज्यांकडे पाठवला. तो स्वीकारायचा की नाही हे राज्यांनी ठरवायचे आहे आणि महाराष्ट्रात स्वतःचा १९९९चाच कायदा चालतो. पण त्या नमुन्याच्या परिशिष्टात कामांची जी वाटणी आहे ती कोणत्याही खासगी करारात घालता येते. इमारतीच्या रचनेची दुरुस्ती, भिंतींना सफेदी, दारे-खिडक्यांना रंग, नळाचे पाइप बदलणे, विजेच्या वायरिंगची कामे मालकाकडे. नळाचा वॉशर, तुंबलेली मोरी, बटणे आणि सॉकेट, कुलपे आणि कड्या, फुटलेली काच ही राहणाऱ्याकडे. राहत्या घरासाठी डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त नको, आणि घरात यायचे तर मालकाने चोवीस तास आधी कळवावे, असेही त्यात आहे. यात क्रांतिकारक काहीही नाही. वाद होतो तो बहुतेक वेळा हे आधी लिहिलेले नसते म्हणून.

सुरक्षिततेची कामे तर वाटणीचा विषयच होऊ नयेत. कोंदट न्हाणीघरात बसवलेला गॅस गीझर कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्या वायूला वास नसतो, रंग नसतो, आणि अशा अपघातांत महाराष्ट्रात माणसे दगावली आहेत. वायुवीजन नसेल तिथे हा गीझर ठेवूच नये. विजेची गळती होताच प्रवाह तोडणारे उपकरण मुख्य बोर्डात असावे, खिडकीच्या जाळीला सुटकेचा दरवाजा असावा. जे घर आपण स्वतःच्या मुलांना राहायला दिले नसते ते पैसे घेऊन दुसऱ्याच्या मुलांना देणे अन्यायाचे आहे, मग करार कितीही कायदेशीर असो.

यावर मालकांचा पहिला आक्षेप पैशाचा असतो आणि तो रास्त आहे. ऐंशी लाखांच्या फ्लॅटचे वर्षाचे भाडे तीन लाख म्हणजे पावणेचार टक्के. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स आणि मालमत्ता कर वजा केला की तीन टक्क्यांच्या आसपास उरतात. याहून बरे व्याज बँकेतल्या ठेवीवर मिळते, डोकेदुखीशिवाय. पुण्यात तर स्वतः राहत्या घराला मालमत्ता करात ४० टक्के सवलत असते आणि घर भाड्याने दिले की ती जाते. मग वर दुरुस्तीचा खर्चही का करायचा? उत्तर असे की, परतावा कमी दिसतो तो घराच्या किमती अवाच्या सवा चढल्यामुळे, आणि किमतीतली ती वाढ संपूर्णपणे मालकाचीच असते. राहणाऱ्याला त्यातला छदामही मिळत नाही. शिवाय दुरुस्तीचा विचार सरकारने करआकारणीत आधीच केलेला आहे. घरभाड्याच्या उत्पन्नातून मालमत्ता कर वजा केल्यावर उरलेल्या रकमेच्या ३० टक्के सरसकट वजावट मिळते, पावती मागितली जात नाही. पूर्वी ही वजावट दुरुस्ती आणि भाडेवसुलीच्या नावानेच मिळत असे. वरच्या उदाहरणात वीस हजार मालमत्ता कर धरला तर वर्षाला ८४,००० रुपयांवर कर लागत नाही. दुरुस्तीच्या नावाने सुरू झालेली सवलत घ्यायची आणि दुरुस्ती राहणाऱ्याच्या डिपॉझिटमधून करायची, ही आपल्याकडची सर्रास चाललेली रीत आहे. घर सोडताना रंगासाठी म्हणून एक महिन्याचे भाडे कापून घेणे हा तिचाच भाग. तीन वर्षांत भिंतीचा रंग उडतोच. ती काळाने झालेली झीज आहे आणि तिचा खर्च भाड्यात आलेला आहे. भोक पाडलेले दार, तोडलेला बेसिन, जळालेला ओटा यांची भरपाई मागणे वेगळे. घर देताना प्रत्येक खोलीची छायाचित्रे काढून दोघांनी सह्या केल्या तर हा फरक ठरवायला भांडावे लागत नाही.

दुसरा आक्षेप न्यायालयीन विलंबाचा. कायदा काहीही म्हणो, प्राधिकाऱ्याकडे तारखा पडतातच, वर फेरतपासणीचे अर्ज होतात, आणि पेन्शनवर जगणाऱ्या सत्तर वर्षांच्या बाईंना हे झेपणारे नाही. हे मला मान्य आहे. अशा मालकांसाठी प्राधिकाऱ्यांची संख्या वाढवणे आणि निकालाची मुदत पाळणे हे सरकारचे काम आहे आणि त्यासाठी मालकांनी आवाज उठवला पाहिजे. पण अकरा महिन्यांचा करार या विलंबावर इलाज नाही. अडून बसणारा माणूस अकरा महिन्यांनीही अडूनच बसतो. इलाज आधीच्या पायऱ्यांवर आहे : नोकरीचा पुरावा आणि आधीच्या मालकाचा संदर्भ तपासणे, पोलिसांकडे माहिती देणे, शुल्क बँकेतूनच घेणे, आणि पहिला हप्ता चुकला की त्याच महिन्यात लेखी विचारणा करणे. चार महिने संकोचाने गप्प बसून पाचव्या महिन्यात वकील गाठणाऱ्या मालकाचे डिपॉझिट तोवर संपलेले असते. आणि करार लांब मुदतीचा केला म्हणून हात बांधले जात नाहीत. पहिले बारा महिने दोघांनीही मोडायचा नाही, पुढे दोन महिन्यांच्या नोटिशीने कोणालाही संपवता येईल, वाढ दर वर्षी पाच टक्के, हे सगळे छत्तीस महिन्यांच्या करारात लिहिता येते. मुलगा परदेशातून परतला किंवा घर विकायचे झाले तर पहिल्या वर्षानंतर दोन महिन्यांत घर मोकळे करून मागण्याचा हक्क शाबूत राहतो.

परदेशाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगायला हवी. पुण्या-मुंबईतल्या भाड्याच्या घरांचे कितीतरी मालक अमेरिकेत किंवा आखातात आहेत. अनिवासी मालकाला भाडे देताना राहणाऱ्याने उगमातच कर कापायचा असतो, रक्कम कितीही लहान असली तरी. निवासी मालकाच्या बाबतीत ही सक्ती महिना ५०,००० रुपयांच्या पुढे लागू होते, इथे तशी सूट नाही. बहुतेक राहणाऱ्यांना हे माहीत नसते आणि नोटीस मात्र त्यांच्या नावाने येते. हे आधी सांगणे मालकाचे कर्तव्य आहे. तसेच पाइप फुटला तर कोणाला फोन करायचा, त्या माणसाला खर्च मंजूर करण्याचा अधिकार किती, हेही लिहून दिले पाहिजे. ऐंशीच्या घरातल्या आईवडिलांवर हे काम टाकून मोकळे होणे त्यांच्यावरही अन्याय आहे.

तिसरा आक्षेप सगळ्यात अवघड. घर माझे, ते कोणाला द्यायचे ही माझी मर्जी. ‘फॅमिलीच हवी’, ‘शाकाहारींना प्राधान्य’ अशा जाहिराती सभ्य भाषेत छापल्या जातात आणि फोनवर आडनाव विचारले जाते. राज्यघटनेतला भेदभावाविरुद्धचा हक्क मुख्यतः राज्यसंस्थेविरुद्ध आहे, तो खासगी घरमालकाच्या दारापर्यंत सहज पोचत नाही. सहकारी सोसायट्यांच्या बाबतीत तर २००५मध्ये झोरास्ट्रियन सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व एका समाजापुरते ठेवणारा उपविधी वैध ठरवला. म्हणजे हा प्रश्न आज तरी मालकाच्या सदसद्विवेकावर सोडलेला आहे. महाराष्ट्रात त्या विवेकाला एक प्रसंग विसरता येणार नाही. परदेशात शिकून बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झालेल्या बाबासाहेब आंबेडकरांना १९१७मध्ये त्या शहरात कोणी जागा दिली नाही. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावे लागले, आणि जात कळताच काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तिथूनही काढले. ते नोकरी सोडून मुंबईला परतले. त्या काठ्या आज नाहीत, पण ‘नुकतीच जागा गेली’ हे फोनवरचे वाक्य तेच काम करते. मालकाला निवड करण्याचा अधिकार जरूर असावा. ती भाडे देण्याच्या ऐपतीवर, आधीच्या घरातल्या वागणुकीवर, घरात किती माणसे राहणार यावर करावी. आडनाव, धर्म, ताटातले जेवण किंवा एकट्या मुलीचे घरी परतण्याचे तास यांवरून घर कसे राखले जाईल हे कळत नाही.

इथे सोसायटीचाही वाटा आहे. घर भाड्याने दिले म्हणून सोसायट्या पूर्वी मनाला येईल तेवढी रक्कम उकळत. राज्य सरकारने १ ऑगस्ट २००१च्या आदेशाने हे शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांवर मर्यादित केले, तेही मालमत्ता कर वगळून. पैशाचा मनमानीपणा असा आटोक्यात आला, पण अविवाहितांना घर द्यायचे नाही, रात्री दहानंतर पाहुणे नकोत, भाडेकरूंनी अमुक लिफ्ट वापरू नये, असले अलिखित नियम सुरूच आहेत. भाडेकरूला सोसायटीत मत नसते, सर्वसाधारण सभेत तो उभा राहू शकत नाही. त्याच्या बाजूने बोलू शकेल असा एकच सभासद असतो, तो म्हणजे घराचा मालक. तो ‘कमिटीशी वाकडे नको’ म्हणून गप्प बसला की राहणारा पूर्ण एकटा पडतो. दर महिन्याला भाडे घेणाऱ्याने वर्षातून एकदा सभेत उभे राहून आपल्या भाडेकरूची बाजू मांडणे, ही फार मोठी अपेक्षा नाही.

राहणाऱ्याच्याही चुका असतात. शेवटचे दोन महिने भाडे बुडवून ‘डिपॉझिटमधून वळते करा’ म्हणणारे, न विचारता आणखी चौघांना आणून ठेवणारे, वीजबिल थकवून निघून जाणारे लोक असतात आणि त्यांच्यामुळे पुढच्या प्रामाणिक माणसाला दार बंद होते. पण पुढाकार मालकाकडून यायला हवा, कारण करार तो लिहितो. पुण्याच्या पेठांत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी खेड्यातली मुले कॉट बेसिसवर राहतात. अनेकदा तिथे करार नसतो, पावती नसते, आणि एका खोलीतले एकूण भाडे हिशेबात घेतले तर ते शेजारच्या फ्लॅटच्या वरचढ भरते. ती मुले अटी मागायला येणार नाहीत.

म्हणून विनंती घरमालकांना आहे. पुढचा करार करताना एजंटचा तयार मसुदा बाजूला ठेवा. मुदत छत्तीस महिने लिहा, वाढीचा दर आणि नोटिशीचा काळ लिहा, दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट मागू नका, कोणती दुरुस्ती तुमची आणि किती दिवसांत करून द्याल ते नावानिशी लिहा, आणि तो नोंदवा. या सगळ्याला आजच्या कायद्यात पूर्ण वाव आहे, त्यासाठी सरकारच्या नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.